बावीस नंबरचा पाना

११ मार्च २०२४

नाकावर नारळ फोडला! विमानाच्या नाकावर! मी "अहो, अहो" करेपर्यंत भटजींनी दणका दिला आणि पत्र्याला पोचा. तीस-पस्तीस वर्षं शिकाऊ पोरांची आदळआपट सोसली त्या विमानाने, नाकाला ओरखडा नाही. भोपाळला, करोंदच्या सोयाबीनच्या गोदामात आलं आणि पहिल्याच दिवशी पोचा. शिवाय पंखाच्या पुढे वेग मोजायची जी नळी असते, तिला लिंबू-मिरची! म्हटलं, काढा ती आधी. उदय म्हणतो, "काका, राहू द्या ना, आईची श्रद्धा आहे." श्रद्धा आहे तर दुकानाच्या दारात टांगा.

उदय सरवटे. मंडीतला धान्याचा मोठा व्यापारी. वय पन्नास, हौस बारा वर्षांच्या पोराची. त्याचे वडील, स्क्वाड्रन लीडर सरवटे, ह्याच ट्रेनर जेटवर पोरांना उडायला शिकवायचे. ते गेले, आणि वर्षभरात ह्याने लिलावातून विमान उचलून आणलं. शेपटीवर शेवटचे आकडे ६१९. आम्ही सहा-एकोणीस म्हणायचो. मी सार्जंट होतो तेव्हा, फिटर. सहा वर्षं ह्याच्या पोटात हात घातलेत मी. आज ट्रकवर तो आकडा दिसला आणि वर चढून त्यावरून हात फिरवून आलो. हे इथेच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

उदयला ते नुसतं उभं करायचं नाहीये. उडवायचंय. "बाबांच्या विमानाची एक चक्कर, काका. एकच." मी हो म्हणून बसलो. मूर्ख मी!

१२ मार्च

वासंती म्हणते, सदुसष्टाव्या वर्षी विमानाखाली लोळायचं वय आहे का? मी म्हटलं, तुझं भिशीला जायचं वय आहे का? दिवसभर अबोला. डबा मात्र फडक्यात बांधून तयार. पोस्टिंगच्या काळापासून बांधते तसा.

२ एप्रिल

उंदीर! वायरिंगचं जाळंच्या जाळं खाल्लंय. रबरी होज हातात घेतले तर बिस्किटासारखे तुटले. हवा घेणाऱ्या तोंडात दोन मुठी सोयाबीन — हे मात्र उदयच्या गोदामाचं योगदान. आणि हा माणूस आज काय घेऊन येतो? पेंटर! "काका, आधी पट्टे मारून घेऊ, फोटो छान येतील." हाडं शाबूत आहेत का बघायच्या आधी पावडर-कुंकू!

पुढचं ऐका. उदयच्या ट्रकचा मिस्त्री, त्याने गुळगुळीत नळीला सरळ पाना लावला. चर्रकन ओरखडा. मी असा ओरडलो की बाहेरचे हम्माल आत बघायला आले. डब्याचं फडकं सोडलं, पान्याच्या तोंडाला गुंडाळलं आणि दाखवलं — असं! असं लावायचं! ही माझी पद्धत. आमच्या सेक्शनमधल्या प्रत्येक पोराला मी शिकवली होती. मिस्त्री म्हणाला, "अंकल, ये उड़ेगा भी क्या?" गाढवाला गुळाची चव काय.

१९ मे

आज गोविंद तांबे आला.

डोकं अजून तापलेलं आहे. उन्हाने नाही, संतापाने. उदयने माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकलं होतं, सहा-एकोणीसवर काम केलेलं कोणी आहे का. आणि हा आला! स्कूटरवरून. डोकं पांढरं झालंय, पण चालणं तेच, मान खाली घालून. करोंदलाच ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं दुकान आहे म्हणे. माझ्या इंद्रपुरीतल्या घरापासून करोंद असं किती लांब, आणि इतकी वर्षं मला माहीत नव्हतं. बरंच होतं.

एकदाचं लिहूनच ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आमच्याकडे हत्यारांचा बोर्ड असायचा. प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली. पाना घेतला की त्याच्या खिळ्याला आपलं पितळी टोकन अडकवायचं. परत आणला की टोकन काढायचं. संध्याकाळी एक जागा रिकामी असली तर एकही विमान उडत नाही. ऑगस्ट ९१. बावीस नंबरच्या जागी गोविंदाचं टोकन, आणि पाना नाही. छोटासा, वाकड्या मानेचा पाना. तीन दिवस सहा-एकोणीस उघडून शोधलं. नाही मिळाला. चौकशी बसली. तिथे ह्या पोराने काय सांगावं? "पाना मी सार्जंटसाहेबांच्या हातात दिला होता."

माझ्या हातात! ज्याला मी 'ग म भ न'पासून शिकवलं, त्याने माझंच नाव घ्यावं! चोराच्या उलट्या बोंबा. मी शपथेवर सांगितलं — नाही दिला. जे होतं तेच सांगितलं. ह्याला अठ्ठावीस दिवस कोठडी, मग नोकरीतून घरी. पाना हरवला म्हणून नाही; खोटं बोलला म्हणून. वडील उज्जैनहून न्यायला आले होते. त्यांनी टोपी काढून मला नमस्कार केला. मी तोंड फिरवलं. आजही फिरवीन.

आणि आज उदयला म्हणतो, "पैसे नकोत. जेव्हा जेव्हा पॅनेल उघडाल तेव्हा मी हजर पाहिजे, एवढीच अट." अटी घालतोय! मी उदयला सांगितलं, हा तरी नाहीतर मी तरी. उदयने हात जोडले. "काका, हायड्रॉलिकला ह्यांच्यासारखा दुसरा माणूस नाही भोपाळात."

मला 'मधुकरराव' म्हणाला. आधी 'सर' म्हणायचा.

२० मे

जाणार नाही.

२३ मे

गेलो. मी नसताना कोणी काही मोडलं तर?

९ जुलै

गोविंदाने गोदामाच्या भिंतीवर बोर्ड केलाय. प्लायवूडवर एकेका पान्याची काळी आकृती. टोकनं ट्रॅक्टरच्या वॉशरची, नंबर ठोकलेले. मला एक नंबर दिला. हत्यारं हरवणारा माणूस मला हत्यारांची शिस्त शिकवतोय!

आज तर कळसच झाला. मी पंखाखाली आडवा, त्याच्या हातात मला हवा तो पाना. म्हटलं, "दे इकडे." हा उठला. बोर्डापाशी गेला. पाना खिळ्याला लावला, स्वतःचं टोकन काढलं, आणि म्हणाला, "लावलाय. तिथून घ्या." माझे गुडघे! मी सरपटत बाहेर आलो, उठलो, बोर्डावरून पाना घेतला, माझं टोकन लावलं. तो तोवर तिथेच उभा. बघत. मुद्दाम अपमान करायचा म्हणून, दुसरं काही नाही.

उदय म्हणाला, "ते सगळ्यांशी असंच करतात काका. मलापण हातात देत नाहीत." तऱ्हेवाईक!

३० सप्टेंबर

पुढचं चाक वर-खाली करणारा तेलाचा जॅक गोविंदाने परवा जोडला. दोन दिवस दाबाखाली ठेवलाय. थेंबही नाही गळत. मी टॉर्च लावून चार वेळा बघितलं. नाही गळत. चीड येते.

३ नोव्हेंबर

दिवाळीचं रील! उदयच्या पुतण्याने कॉकपिटमध्ये बसून केलं. गॉगल, हवेत हात, मागे गाणं. बूट घालून सीटवर उभा! पुण्याहून जुईचा फोन — "बाबा, तुमचं विमान व्हायरल झालं!" म्हटलं, बाळा, विमानाला व्हायरल होत नाही, गंज होतो. हसत सुटली. लेक आईवर गेलीय.

१४ जानेवारी २०२५

कुणा दलालाकडून आलेल्या सीलच्या पाकिटावर मोठ्ठा शिक्का, आत सायकलच्या पंपाला लावायच्या लायकीचे वायसर. नखाने चिरले. फोन केला तर म्हणतो, "सर, सब चलता है." विमानात सब नाही चलता रे बाबा! पाकीट परत. तीन महिने वाया.

तिळगूळ घेऊन गेलो होतो गोदामात. सगळ्यांना दिला. गोविंदाचा राहिला. खरं म्हणजे राहिला नाही, दिला नाही.

६ फेब्रुवारी

दिल्लीहून उड्डाणाच्या परवानगीचा फॉर्म आला. एकोणतीस पानं. शेवटच्या पानावर एक रकाना: विमानाच्या आत कोणतंही हत्यार वा बाहेरची वस्तू राहिलेली नाही, असं मी स्वतः तपासून प्रमाणित करतो. खाली सही, मुख्य तंत्रज्ञाची. ही सही झाल्याशिवाय पायलट चढणार नाही. उदय म्हणाला, "ही तुमची, काका." अर्थात माझी! दुसऱ्या कोणाची?

गोविंद तो कागद हातात धरून खूप वेळ वाचत होता. एवढं काय वाचायचं असतं त्यात!

२२ मार्च

इंजिन चाललं!!

काय आवाज, काय आवाज! गोदामासमोरची पोती उडाली, कबुतरं पार बैरसिया रोडपर्यंत गेली असतील. उदय लहान पोरासारखा रडला. गोविंदाने लांबून अंगठा वर केला. मीही केला. चुकून.

१७ जून

दिल्लीहून तपासनीस आले. चांगला माणूस, कमी बोलणारा. शेपटीकडे एका फ्रेमच्या मागे पत्रा गंजलाय, तो बदला म्हणाले. तो पत्रा काढायचा म्हणजे अर्धी शेपटी सोडवायची! ओव्हरहॉललाही तिथे कोणी गेलेलं नाही, हात जातच नाही आत. मी म्हटलं, वरून ट्रीटमेंट देऊ. गोविंद मध्येच — "नाही. काढूच." कोणी विचारलं ह्याला? पण तपासनीस मान डोलावून गेले. आता चार महिने तरी. विमानाची नाही, माझी शेपटी सोडवताहेत असं वाटतंय.

२८ ऑक्टोबर

भाऊबीजेला वासंतीचा भाऊ इंदूरहून आलेला, तो अजून आहे. मला म्हणे, "काय भाऊसाहेब, उडालं का?" रोज. जेवताना. म्हटलं, तुम्हीच उडता का एकदा इंदूरला? वासंती भात वाढायची थांबली. असो.

२७ नोव्हेंबर २०२५

सापडला.

चौतीस वर्षांनी! बावीस नंबरचा पाना!

गंजलेला पत्रा आज निघाला. गोविंद आत हात घालून होता, खांद्यापर्यंत. थांबला. हळूच हात बाहेर काढला तर मुठीत काळा गोळा, फ्रेमच्या फटीतून कधीतरी मागे घरंगळलेला. कापडात गुंडाळलेला, तेलाने आणि मळाने दगड झालेला. कापड सुटलं आणि आत पाना, वाकड्या मानेचा. दांड्यावर कोरलेलं, स्पष्ट: २२.

शेपटीची दांडी जिथून हलते तिथून वीतभर अंतरावर! एवढासा सरकला असता तर दांडी अडकली असती आणि विमान नाकावर गेलं असतं. उदयला मी ते दाखवलं. तो पोत्यावर बसला. "बाबा ह्यात बसायचे," एवढंच म्हणाला. रोज बसायचे! पोरांना घेऊन!

मग मला आवरलं नाही. कशाला आवरू? चौतीस वर्षं ज्याने माझ्या नावाला काळं फासलं, त्याचं खोटं माझ्यासमोर जमिनीवर पडलेलं. सगळ्यांसमोर बोललो. म्हटलं, हा बघा, हातात दिलेला पाना! माझ्या हातातून उडत उडत शेपटीत गेला का रे? कापड गुंडाळायची पद्धतसुद्धा मीच शिकवलेली, तीच वापरून आत विसरलास आणि नाव माझं घेतलंस! स्क्वाड्रन लीडर मेले असते तर? दोन पोरं मेली असती तर?

गोविंद उकिडवा बसला होता. पाना दोन्ही हातांत धरून. डोळ्यांत पाणी, पण चेहरा असा की ह्याला बक्षीस मिळालंय! म्हणाला, "मी तेव्हा मेसमध्ये जेवायचो, मधुकरराव."

जेवणाचं काय काढलंस? विषय काय, हा बोलतो काय!

उदयने विचारलं, "गोविंदकाका, काय झालं होतं तेव्हा?" तर म्हणाला, "मी एकदा सांगितलंय. परत नाही सांगणार." पाना बोर्डाखाली ठेवला. बोर्डावर बावीसची जागाच नव्हती ना. वापरातलं हत्यार जागेवर लावलं, आपलं टोकन खिळ्यावरून काढून खिशात टाकलं. जाताना मला एवढंच — "कापड फेकू नका."

फेकतोय कशाला! पुरावा आहे तो.

२८ नोव्हेंबर

जुन्या युनिटच्या ग्रुपवर पान्याचा फोटो टाकला. सविस्तर लिहिलं. वर मथळा: चौतीस वर्षांनी सत्य बाहेर आलं. दुपारपर्यंत एकेचाळीस अंगठे. आमच्या तेव्हाच्या वॉरंट ऑफिसर साहेबांनी, ऐंशी वर्षांच्या माणसाने, लिहिलं — "मधुकर, तुझ्यावर माझा तेव्हाही विश्वास होता."

चारच्या सुमारास ग्रुपवर दिसलं: गोविंद तांबे ग्रुप सोडून गेले. कोणीतरी त्याला गेल्याच वर्षी ग्रुपवर घेतलं होतं.

गेला तर गेला. समाधान वाटायला हवं तेवढं वाटत नाहीये. जेवण जास्त झालं असेल.

२९ नोव्हेंबर

चौदा डिसेंबर ठरली. नागपूरहून ग्रुप कॅप्टन येणार, निवृत्त, हा ट्रेनर हजार तास उडवलेला माणूस. धावपट्टीची वेळ मिळाली. पत्रा नवा बसला. आता फक्त माझी सही. उद्या फॉर्म घेऊन उदय घरी येतोय.

उदय फोनवर नीट बोलला नाही. "काका, गोविंदकाकांना उड्डाणाला बोलवूया ना." मी म्हटलं, विमान तुझं, पाहुणे तुझे. पण त्याच्या शेजारी माझी खुर्ची नको.

पान्याचं कापड पिशवीत घालून घरी आणलंय. काचेत लावून घेणार. वासंतीला ताकीद दिली: हात लावायचा नाही.

३० नोव्हेंबर

धुतलं! बाईने पुरावा धुतला! बाथरूममध्ये रॉकेलचा वास, बादलीत सोडा, आणि माझं कापड दोरीवर! "वास मारत होतं हो घरभर." मी ओरडायला तोंड उघडलं, तर ती तिथे नाहीच. आतल्या खोलीत ट्रंक उघडून बसलेली. मांडीवर जुईचं बाळपणीचं दुपटं. हिरवं. काठाला बुगडी किनार.

दोरीवरचं कापडही हिरवं. एका कडेला बुगडी किनार.

"माझी डोहाळजेवणाची महेश्वरी," वासंती म्हणाली. "इस्त्रीने जळली म्हणून फाडली. निम्म्याची दुपटी केली, आणि उरलेल्याची फडकी तुमच्या डब्याला बांधायची मी. आठवत नाही? ती तुमच्याच डब्याला, दुसऱ्या कोणाच्या नाही." तिला ग्रुपवरचं काही माहीत नाही. तिला साडी भेटली म्हणून आनंद झालाय.

दिला होता. मेसमध्ये जेवणाऱ्याकडे डब्याचं फडकं कुठून येणार? त्याने माझ्या हातात दिला होता. अजूनही आठवत नाही मला, डोकं फोडून घेतलं तरी आठवत नाही. पण दिला होता. त्याचे वडील टोपी काढून उभे होते, आणि मी तोंड फिरवलं.

ग्रुपवर त्या फोटोखालीच लिहिलं: पाना माझ्या हातून आत राहिला, आणि चौकशीत गोविंद खरं बोलला होता. उदय फॉर्म घेऊन आला होता. त्याला म्हटलं, ती सही मी करायची नाही. त्याच्याकडे गोविंदाचा नंबर मागितला — दीड वर्ष शेजारी काम करून मी तो घेतला नव्हता. दोनदा लावला. उचलला नाही.

करोंदला निघतोय. दुपटं आणि फडकं बरोबर घेतोय. फडकं अजून ओलं आहे.